हट्ट म्हणण्याआधी तळहात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंगपंचमी तोंडावर आली आहे. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेल, टँकरवरच्या तोफांतून रंग वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांपर्यंत उडेल, आणि आपल्याकडच्या काही घरांतून एखादा मामा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) भाच्याला 'जरा सवय होऊ दे त्याला' म्हणत खांद्यावर बसवून गर्दीत नेईल. थोड्या वेळाने ते मूल किंचाळू लागेल, मामाचे केस ओढेल, चावेल. आजूबाजूचे म्हणतील, फार लाडावून ठेवलाय. आम्ही इंदुरात या मुलांसाठी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), विशेष शिक्षण आणि बालरोगचिकित्सा यांत काम करणारी माणसे आहोत. किंचाळण्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत मुलाच्या शरीरात बरेच काही घडून गेलेले असते. त्यातले पुष्कळसे बाहेरून दिसते, काही मोजताही येते. ते घरच्यांना, शाळांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे म्हणून हे पत्र.

हृदयाचे ठोके, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, आतड्यांची हालचाल, मूत्राशय या सगळ्यांचा कारभार आपल्याला न विचारता चालतो. तो चालवणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिच्या दोन शाखा. अनुकंपी शाखा धोक्याच्या वेळी पुढे होते: नाडी वाढवते, तळहाताला घाम आणते, बाहुली मोठी करते, पोटाचे काम थांबवते. परानुकंपी शाखा विसाव्याची आणि पचनाची. तिची मुख्य नस म्हणजे मेंदूतून निघणारी दहावी नस, व्हेगस. शांत शरीरात दोघींची देवाणघेवाण क्षणाक्षणाला चालू असते. स्वमग्न मुलांच्या अनेक अभ्यासांत असे आढळले आहे की या मुलांची विश्रांतीतली नाडी सरासरीने थोडी जास्त असते आणि व्हेगसचा प्रभाव दाखवणारा ठोक्यांमधला चढउतार कमी असतो. सगळ्या अभ्यासांत नाही, आणि सगळ्या मुलांत तर नाहीच. तळहाताच्या घामाचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळतच नाहीत. काही मुलांचे शरीर सतत सावध असते, काहींचे फार उशिरा आणि थोडेच जागे होते. म्हणून सरासरी बाजूला ठेवून आपल्या समोरचे मूल कसे आहे, ते बघायचे.

आम्हाला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात स्वमग्न मुलांचे रक्त काढताना त्यांचे वागणे आणि नाडी दोन्ही टिपले होते. इतर मुलांच्या मानाने ही मुले कमी रडली, हातही कमी ओढला. पण नाडी मात्र इतरांपेक्षा जास्त वाढली होती. म्हणजे चेहरा कोरा आणि आत धडधड. 'याला दुखतच नाही' हे वाक्य आपण दवाखान्यात नेहमी ऐकतो. ते पुष्कळदा खोटे असते, आणि त्यापायी सुजलेला दात, कानातला पू किंवा फ्रॅक्चर कित्येक दिवस कळत नाही. शांत राहणाऱ्या मुलाला त्रास नाही, असे गृहीत धरण्यासारखी दुसरी चूक नाही.

मग आत काय चालले आहे, ते कसे ओळखायचे? तळहात बघावा. मुलाच्या हातात स्टीलची वाटी किंवा पेला द्यावा आणि परत घेताना बघावे. बोटांचे दमट ठसे उमटून दोन-तीन सेकंदांत उडून गेले तर ठीक. ठसे जाड असतील, पाणी उतरल्यासारखे दिसत असतील आणि खोलीत उकाडा नसेल, तर अनुकंपी शाखा पुढे झालेली आहे. तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाला जास्त जागतो. त्याच्या जोडीला कान लाल होणे, उजेड असूनही बाहुली मोठी राहणे, श्वास पोटातून न चालता खांदे वरखाली होणे, चवड्यांवर चालणे वाढणे, नेहमीचा गुणगुणण्याचा सूर चढा होणे. प्रत्येक मुलाची अशी दोन-तीन चिन्हे ठरलेली असतात आणि ती त्याच क्रमाने येतात. आईला बहुधा ती माहीत असतात. तिला फक्त कोणी विचारलेले नसते. तीच चिन्हे कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला द्यावीत.

नाडी मोजायची तर सुरुवात झोपेपासून करावी. मूल गाढ झोपले की पांघरुणाबाहेर आलेला हात तसाच राहू द्यावा. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली तर्जनी आणि मधले बोट अलगद टेकवावे. आपला अंगठा वापरू नये, त्यात आपलीच नाडी लागते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चाराने गुणले तर मुलांच्या बाबतीत आकडा फसतो, कारण श्वास आत घेताना ठोके जवळजवळ पडतात आणि सोडताना लांबतात. हे बोटाखाली लागले की नाडी चुकतेय असे वाटून पालक घाबरतात. निरोगी मुलात तो चढउतार असायलाच हवा. व्हेगस काम करत असल्याची ती खूण आहे, आणि संशोधक यंत्र लावून मोजतात तो चढउतार बराचसा हाच. ६ ते ११ वर्षांच्या मुलाची नाडी जागेपणी साधारण ७५ ते ११८ आणि झोपेत ५८ ते ९० असते. ३ ते ५ वर्षांच्या मुलाची जागेपणी ८० ते १२०.

जागेपणी हात धरू न देणाऱ्या मुलाला पल्स ऑक्सिमीटर पायाच्या बोटाला लावून बघावा, टीव्हीसमोर बसलेले असताना. बोट गार असेल, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, पाय हलत असेल तर आकडा चुकीचा येतो. अर्धा मिनिट आकडा स्थिर राहिला तरच लिहावा. ताप असताना, धावून आल्यावर किंवा नुकतेच जेवण झाल्यावर मोजलेला आकडा मुलाचा नेहमीचा म्हणून धरू नये. आठ-दहा दिवस तीन वेळांचे आकडे टिपावेत: झोपेत, दहा मिनिटे शांत बसल्यावर, आणि एखाद्या अवघड प्रसंगात, जसे केस कापताना किंवा मिक्सर चालू असताना. आणि आम्ही ज्याला जास्त किंमत देतो तो चौथा आकडा: प्रसंग संपल्यावर नाडी पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली. एखाद्याला पाच लागतात, एखाद्याला पन्नास. मुलाचा दिवस कसा आखायचा हे त्यावरून ठरते. ४० मिनिटे लागणाऱ्या मुलाला सलूनमधून थेट ट्यूशनला नेले, तर ट्यूशनमध्ये जे होईल त्याचा दोष ट्यूशनचा नसतो.

आता गेरबद्दल. भिंतीसारख्या लावलेल्या डीजेसमोर आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. कानावर घट्ट बसणारे मफ चांगले असतील तर २० ते २५ डेसिबल कमी होतात. म्हणजे मफ लावूनही डीजेसमोर उभे राहता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. मफ आवाज सुरू झाल्यावर लावायला गेलात तर मूल ते फेकून देणार, कारण तोवर डोक्याला कशाचाही स्पर्श सहन होत नसतो. घरीच लावून निघावे, आणि त्याआधी आठवडाभर रोज पाच-दहा मिनिटे आवडीचे काहीतरी करताना घालण्याची सवय करावी. दिवसभर मात्र घालू नयेत, नाहीतर साधे आवाजही टोचू लागतात. गर्दीच्या कडेला, मागे मोकळी गल्ली असलेली जागा निवडावी. खांद्यावर बसवू नये: तिथून मुलाला स्वतःहून निघता येत नाही, आणि मामाला वर त्याचा चेहरा, कान, तळहात काहीच दिसत नाही. निघण्याआधी शौच-लघवी उरकून घ्यावी. २० मिनिटे ठरवावीत आणि मूल मजेत असले तरी २० मिनिटांनी निघावे. पहिल्या वर्षी एवढेच पुरे. ओले, रंगाने चिकटलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. त्या चिकटण्यानेच निम्म्या मुलांचा तोल जातो, आणि घरचे समजतात की घरी आणले म्हणून रडतोय.

तोल गेलाच तर बोलणे कमी करावे. सहा नातेवाईक सहा बाजूंनी 'काय झालं बाळा, काय झालं' म्हणू लागले की प्रत्येक आवाज आगीत तेल असतो. एकाच माणसाने जवळ थांबावे, हातभर अंतर ठेवून, तिरके बसून, डोळ्यांत न बघता. दोन शब्दांपेक्षा मोठे वाक्य नको. दिवा मंद करावा, पाण्याचा पेला जवळ ठेवावा, 'पी' म्हणून मागे लागू नये. मूल डोके आपटत असेल तर मध्ये उशी घालावी. त्याला पालथे पाडून दाबून धरू नये, छाती-पाठीवर वजन टाकू नये. त्याने श्वास कोंडतो आणि जीव जाऊ शकतो. चापट मारल्याने मूल गप्प झालेले दिसते, पण तेव्हा त्याची नाडी खाली आलेली नसते. रक्तातले अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मात्र प्रसंगानंतर २०-३० मिनिटांनी कळसाला पोचते. म्हणून रडे थांबले की लगेच 'सॉरी म्हण' किंवा 'आता अभ्यास' हे करू नये. निदान ४० मिनिटे काही मागू नये.

श्वासाचा उपयोग होतो, पण शांत असताना शिकवलेला असेल तरच. दीर्घ श्वास घे असे सांगितले की मुले छाती फुगवून श्वास रोखतात, त्याने उलटेच होते. ठोके मंदावतात ते श्वास सोडताना, म्हणून सोडणे लांबवायला हवे. साबणाचे फुगे, पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे, लांब सुरात 'मऽऽ' म्हणणे, यांनी ते आपोआप होते. रोज झोपण्यापूर्वी तीन-चार मिनिटे. घट्ट कुशीत घेणे काही मुलांना फार आवडते, काहींना सोसत नाही. मुलाला विचारून करावे. वजनदार ब्लँकेटबद्दल विचारणा बरीच होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत त्याने स्वमग्न मुलांची झोप वाढली नाही, मुलांना आणि पालकांना ते आवडले एवढेच. आणायचे तर मुलाला स्वतः बाजूला सारता येईल एवढेच वजन असावे. लहान बाळांना तर नकोच.

पोटाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे होते. अनुकंपी शाखा सतत पुढे असली की आतडे मंदावते. त्यात आपला इंदुरी नाश्ता पोहे आणि शेव, त्यावर दिवसाला लिटरभर दूध, भाजी वर्ज्य. शौच कडक होते, दुखते, मूल ते धरून ठेवते, गुदाशय ताणत जातो आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीवच होईनाशी होते. या मुलांना शरीराच्या आतले संकेत मुळातच अस्पष्ट कळतात. पुढे घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होऊ लागते. घरचे त्याला जुलाब समजतात आणि जुलाब थांबवायचे औषध देतात! मग पोट आणखी तुंबते, झोप मोडते, चिडचिड वाढते, आणि मूल चिडचिडे झाले म्हणून वागणुकीचे औषध वाढवले जाते. हा फेरा आम्ही इतक्या वेळा पाहतो की चिडचिड अचानक वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न शौचाचा विचारावा, असे आमचे ठाम मत आहे.

उपाय साधा पण चिवटपणे करायचा आहे. दोन आठवडे रोज शौच झाले की नाही, लेंडीसारखे, घट्ट, मऊ की पातळ, एवढे कॅलेंडरवर लिहावे. दूध ४००-५०० मिलीच्या वर नको. पाणी वजनाप्रमाणे: २० किलोच्या मुलाला दूध, ताक, वरण सगळे धरून दिवसाला साधारण दीड लिटर द्रव लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांच्या आत संडासात बसवावे, पाच ते दहा मिनिटे, रोज त्याच वेळी. फ्लॅटमधल्या कमोडवर मुलाचे पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली पाट किंवा घट्ट स्टूल द्यावे, गुडघे कमरेच्या वर येतील इतके उंच. तुंबलेले असेल तर आधी डॉक्टरांकडून ते मोकळे करून घ्यावे लागते, नुसत्या पपईने भागत नाही. मळ मऊ करणारी पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर डॉक्टर बहुधा रोज दर किलो वजनाला ०.४ ते ०.८ ग्रॅम या प्रमाणात सुरू करतात. चूक होते ती बंद करताना. आठवड्याभरात मोकळे झाले की पालक डबा ठेवून देतात, पण ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. किमान दोन महिने, आणि मग हळूहळू कमी. एरंडेल आणि वारंवार एनिमा टाळावेत. एनिमा शरीरापेक्षा मनाला जास्त लागतो आणि मूल संडासालाच घाबरू लागते.

रंगपंचमी झाली की ऊन सुरू. काही मुले मे महिन्यातही तोच फुल बाह्यांचा शर्ट मागतात, तहान लागलेली सांगत नाहीत. त्यात औषधे. फिट्ससाठी दिली जाणारी टोपिरामेट आणि झोनिसामाइड घाम कमी करतात, ट्रायहेक्सीफेनिडिलही करते, आणि रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी शरीराची तापमान सांभाळण्याची ताकद कमी होऊ शकते. अशा मुलाचे अंग खेळून आल्यावर लाल आणि कोरडे असेल तर त्याला घामच येत नाही, हे ओळखावे. दुपारी ११ ते ४ बाहेर नको, दर अर्ध्या तासाला घड्याळ लावून पाणी, मानेला ओले फडके. अंग तापले, मूल गुंगीत गेले किंवा बरळू लागले तर कपडे काढून अंगावर पाणी ओतत पंखा लावावा आणि १०८ ला फोन करावा. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही. ही औषधे स्वतःहून बंद मात्र करू नयेत. क्लोनिडिन तर कधीच एकदम थांबवू नये, रक्तदाब उसळी मारतो. गावाला जाताना बाटली घरी राहिली, एवढ्याने हे घडते. मेथिलफेनिडेट नाडी वाढवते, प्रोप्रॅनोलॉल कमी करते. म्हणून नवे औषध सुरू करण्याआधी नाडी, रक्तदाब, वजन लिहून घ्यावे. रक्तदाबाचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा आहे ना, हे निःसंकोच विचारावे. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो.

काही गोष्टी स्वमग्नतेच्या खात्यावर टाकू नयेत. शांत बसलेल्या मुलाची नाडी अचानक १८० च्या वर जाणे, खेळताना शुद्ध हरपणे: ताबडतोब ईसीजी. काही कारण नसताना चेहरा पांढरा पडणे, उलटी, लाळ, नजर एका जागी थिजणे: ही फिटही असू शकते, मोबाइलवर व्हिडिओ काढून मुलांच्या मेंदूतज्ज्ञाला दाखवावा. किशोरवयीन मुलाला उभे राहिल्यावर गरगरत असेल, तर पाच मिनिटे आडवे झोपवून नाडी घ्यावी, मग उभे करून दहा मिनिटे दर दोन मिनिटांनी. ४० किंवा जास्त ठोके वाढून तसेच राहिले तर डॉक्टरांना तो कागद दाखवावा. पडण्याची भीती असल्याने हे भिंतीपाशी आणि कोणीतरी शेजारी उभे राहूनच.

शहरात काही ठिकाणी मनगटी पट्टा किंवा बोटाला तार लावून रंगीत आलेख काढतात आणि त्यावरून स्वमग्नतेचे निदान किंवा 'नसा संतुलित करण्याचे' पॅकेज सांगतात. पालकांनी यात पैसे घालू नयेत. स्वमग्न आणि इतर मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका मुलाच्या आकड्यावरून निदान होऊच शकत नाही. वय, ताप, औषध, नुसती यंत्राची भीती यानेही ते बदलतात. निदान वागणूक आणि विकास बघूनच होते, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए ही मापनपट्टी वापरतात.

शाळांना एकच सांगणे आहे. प्रार्थनेला उन्हात उभे राहण्यातून सूट, वर्गात पाण्याची बाटली, न विचारता संडासला जाण्याची मुभा आणि जिन्याखालचा का होईना एक शांत कोपरा, एवढे दिले तर निम्म्या तक्रारी कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे अशी सोय करणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. पालकांनी ते अर्जात लिहून मागावे, तोंडी नको.

आपण दरवर्षी गेरचा मार्ग आणि वेळ छापता. यंदा त्याच्या जोडीला कोणत्या गल्ल्या गाड्यांसाठी खुल्या राहतील आणि डीजे कोणत्या चौकांत थांबणार, हेही मंडळांकडून आणि पोलिसांकडून विचारून दोन दिवस आधी छापता आले, तर या घरांना कुठे उभे राहायचे आणि कुठून परतायचे ते आधीच ठरवता येईल.

आपले,
स्वमग्न मुलांसाठी काम करणारे व्यवसायोपचारक, विशेष शिक्षक व बालरोगतज्ज्ञ,
इंदूर